शिंगराच्या जखमा : नामकरण, निदान आणि शुश्रूषा

१. विषयाचे स्वरूप

दख्खनच्या पठारावरील मेंढपाळ धनगर पावसाळा सरल्यानंतर कळप घेऊन चराईसाठी बाहेर पडतात, तेव्हा त्यांचे सारे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर लादलेले असते. कळपाबरोबर चालणाऱ्या घोडीच्या मागे पुष्कळदा तिचे शिंगरूही असते. भीमेच्या खोऱ्यावरून ‘भीमथडी’ या नावाने ओळखली जाणारी ही तट्टे मराठ्यांच्या घोडदळाच्या इतिहासाशी निगडित असून, राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मुक्काम बहुधा उघड्या माळावर पडतो. माळाच्या आसपास लांडगा असतो, उसाच्या फडांत बिबट्या असतो आणि गावाच्या कडेला भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात. मोठी घोडी लाथा झाडून स्वतःचे रक्षण करू शकते. काही आठवड्यांच्या शिंगराला ते साधत नाही.

अशा हल्ल्यातून शिंगरू जिवंत सुटले, तर त्याचे पुढील भवितव्य बऱ्याच अंशी दोन माणसांमधील संभाषणावर अवलंबून राहते. एक, जनावराजवळ उभा असलेला धनी. दुसरा, काही कोसांवरून दूरध्वनीवर ऐकणारा पशुवैद्य. धनी सांगतो, “डॉक्टर, शिंगराला कुत्री चावल्यात.” वैद्य विचारतो, “किती लागलंय, मामा?” उत्तर येते, “फार नाही, मांडीला दोन भोकं पडल्यात. रक्तबी थांबलंय.” या उत्तरात असत्य काहीच नाही. तथापि, ‘फार नाही’ हा धन्याने काढलेला निष्कर्ष आहे आणि ‘दोन भोकं’ हे त्याने केलेले निरीक्षण आहे. पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, या दोहोंपैकी निरीक्षण खरे व निष्कर्ष चुकीचा असण्याचा संभव मोठा असतो.

जखमी शिंगराची शुश्रूषा कशी करावी, हे सांगणे हा या लेखाचा हेतू होय. परंतु भाषेच्या अभ्यासकाला या विषयात जे विशेष दिसते, तेही त्याबरोबरच मांडावयाचे आहे. ते असे की, जखमेला कोणते नाव दिले जाते यावर तिच्यावर कोणता उपचार होतो हे ठरते. आणि त्यासाठी लागणारे नेमके शब्द मराठीत नव्याने घडवावे लागत नाहीत, ते व्यवहारात आधीपासूनच आहेत.

२. सहा नावे

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय सद्योव्रणांचा, म्हणजे आघाताने तत्काळ झालेल्या जखमांचा आहे. त्यात अशा जखमांचे सहा प्रकार सांगितले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. जी सरळ वा तिरकी कापली गेलेली व लांबट असते, ती छिन्न. टोकदार वस्तू शरीरातील एखाद्या आशयात, म्हणजे पोट, छाती यांसारख्या पोकळीतील अवयवात शिरली असता होते, ती भिन्न. तशीच वस्तू आशय सोडून अन्यत्र, मांसात शिरली तर विद्ध. जी धड कापलेलीही नाही आणि धड टोचलेलीही नाही, परंतु दोहोंची लक्षणे धारण करते आणि वेडीवाकडी असते, ती क्षत. प्रहाराने किंवा दाबाने अवयव हाडासकट चेचला गेला, तर पिच्चित. केवळ वरची त्वचा सोलली जाऊन आग होते व लस पाझरते, ती घृष्ट.

हे वर्गीकरण माणसाच्या जखमांसाठी केलेले आहे. घोड्याच्या वैद्यकाची परंपरा निराळी असून ती शालिहोत्राच्या नावाशी जोडलेली आहे. उत्तर भारतातील भाषांत घोड्याच्या वैद्यास ‘सालोतरी’ म्हणतात, ते या नावावरूनच. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सेचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले. तरीही प्रस्तुत विषयासाठी सुश्रुताचीच विभागणी अधिक सोयीची आहे. तिचे कारण असे की, तिचा पाया जखमेच्या आकारावर नसून जखम कशी झाली आणि कोठवर गेली यावर आहे.

आता मराठीतील नित्याचे शब्द तपासावेत. ‘खरचटणे’ म्हणजे घृष्ट. ‘खोक पडणे’ म्हणजे छिन्न. ‘दात रुतणे’ म्हणजे विद्ध. ‘लचका तोडणे’ किंवा ‘फाडणे’ यांत क्षताचे वर्णन येते. ‘चेचणे’, ‘ठेचणे’ ही पिच्चिताची क्रियापदे होत. ‘पोटात गेलेली जखम’ हा शब्दप्रयोग भिन्नाचा. शिवाय नख्यांसाठी ‘बोचकारणे’ आणि ‘ओरबाडणे’ ही स्वतंत्र क्रियापदे आहेत. माळावरच्या धनगराच्या बोलीत हा भेद पूर्णपणे जिवंत आहे. अडचण एवढीच की, संकटाच्या वेळी ही सर्व क्रियापदे बाजूला पडतात आणि ‘चावलंय’ किंवा ‘लागलंय’ या एका शब्दावर काम भागविले जाते. ‘चावणे’ हे क्रियापद जनावराने काय केले ते सांगते; शिंगराला काय झाले ते सांगत नाही.

दुसऱ्या बाजूची अडचणही नमूद केली पाहिजे. मुंबईत १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाल्यापासून या शास्त्राचे अध्यापन इंग्रजीतून होत आले. त्यामुळे वैद्याजवळ नेमके परंतु परके शब्द, आणि धन्याजवळ आपले परंतु त्या क्षणी न वापरलेले शब्द, अशी स्थिती निर्माण होते. जो वैद्य “चावलंय म्हणजे दात रुतलेत, का लचका तोडलाय, का नुसतं ओरबाडलंय?” असा प्रश्न विचारतो, त्याला पहिल्याच उत्तरात अर्धे निदान मिळते.

३. पहिला तास

वैद्य येईपर्यंतच्या वेळात जे करावयाचे, ते थोडे आहे. परंतु त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम घोडीला शिंगराजवळ ठेवावे. शिंगराला सोडविताना किंवा उचलताना ते तिच्या दृष्टीआड झाले, तर ती बिथरते, आणि बिथरलेल्या घोडीजवळ काम करणाऱ्या माणसाला इजा होण्याचा धोका असतो. एकाने घोडीला धरून शिंगरापाशी उभे करावे व दुसऱ्याने शिंगराकडे पाहावे. शिंगराला धरताना एक हात छातीपुढून व दुसरा पुठ्ठ्यामागून घालून त्याला अलगद थोपवून धरावे. दाव्याने आवळून बांधू नये.

नंतर रक्तस्राव. जखमेवर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून ती हाताने दाबून धरावी. रक्त झिरपून वर आले तर पहिली घडी न काढता तिच्यावर दुसरी ठेवावी, कारण पहिली उचलताच तेथे धरू लागलेली रक्ताची गुठळी निघून येते. घोड्याच्या शरीरात त्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के रक्त असते. ५० किलो वजनाच्या शिंगरात ते ४ लिटरच्या आसपास भरते. मोठ्या घोड्याने सहज सोसावे असे दीड लिटर रक्त गेले, तर या शिंगराचे एकतृतीयांशाहून अधिक रक्त गेलेले असते. म्हणून ‘बरंच रक्त गेलं’ यापेक्षा ‘तांब्याभर गेलं’ किंवा ‘अर्धी बादली गेलं’ असे सांगणे वैद्याला अधिक उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे अंगातील रक्ताभिसरणाची परीक्षा. ओठ वर करून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी फिकट गुलाबी व ओलसर असते. तिच्यावर बोट दाबून उचलले असता पांढरा पडलेला ठसा सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरडी पांढरट वा करडी असेल, ठसा भरण्यास वेळ लागत असेल, कान व पाय गार पडले असतील, तर बाहेरची जखम कितीही लहान दिसो, शिंगरू आघातजन्य अवसादात गेले आहे असे समजावे. मोठ्या घोड्याची नाडी विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला २८ ते ४४ असते. पहिल्या काही आठवड्यांच्या शिंगराची ती ८० ते १०० च्या घरात असणे स्वाभाविक आहे. म्हणून घोड्याच्या अनुभवावरून शिंगराच्या नाडीचा अर्थ लावू नये. अशा शिंगराला घोंगडीत गुंडाळून उबेत ठेवावे आणि त्याच्या तोंडात बळेच पाणी वा औषध ओतू नये.

तीन जखमा अशा आहेत की, त्यांची वार्ता इतर सर्व तपशिलांच्या आधी सांगितली पाहिजे. छातीच्या जखमेतून श्वासाबरोबर हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल, तर तिच्यावर हवा न जाणारे स्वच्छ आवरण ताबडतोब दाबून धरावे. मात्र त्यानंतर श्वास अधिकच कोंडू लागला, तर ते क्षणभर सैल करावे. पोटाच्या जखमेतून आतडे बाहेर आले असेल, तर ते आत ढकलू नये. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने झाकून चादरीने पोटाला आधार द्यावा. गळ्याजवळच्या त्वचेवर बोट दाबले असता खाली सुके पान चुरगळल्यासारखे लागत असेल, तर श्वासनलिकेस छिद्र पडून हवा कातडीखाली शिरली असण्याचा संभव आहे. बिबट्या भक्ष्याचा गळा किंवा मानगूट धरतो. म्हणून त्याच्या हल्ल्यानंतर ही परीक्षा विसरू नये.

४. लहान तोंडाची जखम

आता मांडीवरील ‘दोन भोकां’कडे वळू. कुत्रा किंवा लांडगा सुळे रुतवून पकड घेतो आणि मान झटकतो. त्वचा लवचिक असल्याने ती दातांबरोबर सरकते आणि पकड सुटताच जागच्या जागी परत येते. मांस तसे सरकत नाही. ते फाटते व त्वचेपासून सुटते. परिणामी बाहेर तांदळाच्या दाण्याएवढे छिद्र आणि आत तळहाताएवढी पोकळी, अशी जखम तयार होते. दातांबरोबर लाळ, केस व माती त्या पोकळीत गेलेली असते. वरचे छिद्र लवकर मिटते आणि आत हवा नसलेली, मृत मांसाने भरलेली जागा शिल्लक राहते. कुत्र्याच्या व मांजरकुळातील प्राण्यांच्या तोंडात आढळणारे पाश्चुरेला वर्गातील जंतू, तसेच हवेविना वाढणारे अन्य जंतू, यांना यापेक्षा सोयीची जागा नाही.

याच्या उलट बिबट्याच्या नख्यांनी खांद्यावर वा पुठ्ठ्यावर काढलेल्या लांबलचक समांतर खोका पाहणाऱ्याचा थरकाप उडवितात. तथापि त्या उघड्या असतात, त्यांतील घाण वाहून जाते आणि त्या धुता येतात. डोळ्याला भीषण दिसणारी जखम बरी होऊन क्षुल्लक वाटलेली जखम चौथ्या दिवशी जीव घेते, असे जे घडते, त्याचे कारण हेच. सुश्रुताने छिन्न आणि विद्ध यांना दोन नावे दिली ती केवळ वर्णनाच्या हौसेने नव्हे. दोहोंचा पुढील प्रवास भिन्न असतो म्हणून दिली.

उपचाराचे तत्त्वही यातूनच निघते. जखम प्रथम भरपूर पाण्याने धुवावयाची असते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ मिसळले असता शरीरातील द्रवाशी जुळणारे पाणी तयार होते. ते मोठ्या सिरिंजमधून जोराच्या धारेने सोडावे. भोवतालचे केस कापावयाचे असतील तर आधी जखमेत पाण्यात विरघळणारी निर्जंतुक जेली भरावी, म्हणजे केस आत जात नाहीत आणि धुताना जेलीबरोबर निघून येतात. पोव्हिडोन आयोडीन वापरावयाचे झाल्यास ते फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे. दाट द्रावण व हायड्रोजन पेरॉक्साइड ही दोन्ही जंतूंबरोबर नव्या पेशींचाही नाश करतात.

गावोगावी अशा जखमेत हळद, चुना, राख किंवा रॉकेल भरण्याची चाल आहे. यांपैकी हळदीला वैद्यकात स्थान आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु प्रश्न हळदीच्या गुणाचा नसून जागेचा आहे. खोल जखमेच्या तोंडात कोणतीही पूड दडपली की आतील पू बाहेर येण्याचा मार्ग बंद होतो. आणि राख, चुना व रॉकेल तर जिवंत मांसही जाळतात. याच कारणाने वैद्य दातांच्या जखमा बहुधा टाके घालून बंद करीत नाही. तो छिद्र मोठे करतो, मेलेले मांस काढून टाकतो, स्राव निचरण्यासाठी नळी ठेवतो. आणि जखम शुद्ध झाल्यावर, तीन ते पाच दिवसांनी, जरूर तर टाके घालतो. “डॉक्टरांनी होतं त्याहून मोठं भोक पाडलं” ही तक्रार धन्याच्या तोंडी येते, तेव्हा त्याला हे कारण समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग होय.

सांध्याजवळचे छिद्र विशेष भयाचे. सांध्यातील चिकट, पिवळसर, तारेसारखे ताणले जाणारे वंगण जखमेतून येत असेल किंवा शिंगरू त्या पायावर भारच देत नसेल, तर सांधा उघडला गेला आहे असे धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यात पू झाला की कूर्चा नष्ट होते. मग जखम भरली तरी पाय उपयोगाचा राहत नाही.

५. फसवी नावे

अचूक नाव जसे उपचाराला साहाय्य करते, तसे रूढ नाव कधीकधी दिशाभूल करते. या संदर्भात दोन रोगांची नावे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले ‘धनुर्वात’. पाळीव जनावरांत घोडा या रोगाला सर्वांत अधिक बळी पडतो. रोगाचे जंतू मातीत व घोड्याच्या लिदीत असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. शरीर धनुष्यासारखे वाकते म्हणून धनुर्वात, हे नाव माणसाच्या रोगलक्षणावरून पडले. शिंगराचा धनी धनुष्याची वाट पाहत राहिला तर फार उशीर होतो. घोड्यात प्रथम दिसते ते असे : चाल ताठर होते, शेपूट किंचित उचललेली राहते, कान ताठ होतात, जबडा उघडेनासा होतो, आणि दचकविताच डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील तिसरी पापणी झपकन पुढे येते. अर्थात लक्षणांची वाट पाहण्याची वेळच येऊ देऊ नये. जखम झालेल्या प्रत्येक शिंगराच्या बाबतीत, त्याला व त्याच्या आईला धनुर्वाताची लस केव्हा दिली होती, हे वैद्याला सांगावे. लस दिलेल्या घोडीच्या चिकातून शिंगराला काही महिने पुरेल इतके संरक्षण मिळू शकते. ते नसेल तर वैद्य तयार प्रतिविषाची सुई देतो.

दुसरे नाव ‘जलसंत्रास’. सुश्रुताच्या कल्पस्थानात अलर्कविषाच्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाच्या संदर्भात पाण्याच्या भयाचा उल्लेख आहे, आणि आधुनिक मराठीतील हा शब्द त्याच कल्पनेवर उभा आहे. तेही माणसातील लक्षण होय. रेबीज झालेला घोडा पाण्याला भिईलच असे नाही. तो लंगडू लागतो, पोटशूळ उठल्यासारखा लोळतो, मागील पायांतून लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही, किंवा तो एकाएकी चावरा होतो. ‘पाणी पितोय, मग काही भीती नाही’ हे अनुमान शब्दावरून काढलेले आहे, शरीरावरून नव्हे. भारतात हा रोग मुख्यतः कुत्र्यांमार्फत पसरतो आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर त्यावर उपाय नाही. म्हणून चावा घेणारे जनावर कोणतेही असो, रक्तस्राव आटोक्यात येताच जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावी, आणि लशीचा क्रम वैद्याच्या सल्ल्याने त्याच दिवशी सुरू करावा.

येथे माणसांचा विचारही अवश्य केला पाहिजे. शिंगराला सोडविताना ज्याला दात वा नखे लागली, किंवा ज्याच्या हातावरील ओरखड्याला जखमेतील लाळ लागली, त्याने तत्काळ हात धुऊन मानवी रुग्णालयात जावे. जनावराच्या चिंतेत माणूस स्वतःला ‘जरासं खरचटलंय’ असे म्हणतो; वस्तुतः तोच शब्द त्या वेळी सर्वांत धोक्याचा असतो.

६. शिंगरू आणि घोडा यांतील अंतर

शिंगरू म्हणजे आकाराने लहान असलेला घोडा नव्हे. त्याची गरज, त्याची औषधे आणि त्याची हाडे या तिन्ही बाबतींत तो वेगळा प्राणी आहे.

पहिल्या आठवड्यांत शिंगरू दिवसाकाठी आपल्या वजनाच्या २० ते २५ टक्के इतके दूध पिते, आणि तासातून अनेकदा पिते. जखमेच्या वेदनेने त्याचे उभे राहणे बंद झाले, की काही तासांतच ते साखरेच्या अभावाने व पाण्याच्या अभावाने खचू लागते. त्याची भूक पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घोडीची कास पाहणे. कास ताठ भरलेली आहे, सडांतून दूध ठिबकते आहे, शिंगराच्या कपाळावर दुधाचे थेंब वाळले आहेत, तर शिंगरू सडापाशी जाते परंतु पीत नाही, असा त्याचा अर्थ होय. अशा वेळी घोडी पिळून ते दूध दर एकदोन तासांनी पाजावे. पाजताना शिंगरू छातीवर बसलेले असावे, त्याची मान वर ओढू नये, आणि ते स्वतः चोखत व गिळत असेल तरच पाजावे. अन्यथा दूध फुप्फुसात जाते. घोडीला दूध नसेल, तर मेंढपाळाच्या वाड्यावर सहज मिळणारे शेळीचे दूध तात्पुरते चालते. शिंगरू जन्मून एक दिवसही झाला नसेल, तर पहिल्या काही तासांत आईचा चीक पोटात जाणे हे जखमेच्या उपचाराइतकेच निकडीचे असते. सुमारे २४ तासांनंतर आतड्यांतून ते संरक्षण शोषले जात नाही.

औषधांच्या बाबतीत घरगुती प्रयोगास मुळीच जागा नाही. मोठ्या घोड्याला चालणारी वेदनाशामके तहानेल्या शिंगराच्या जठरात व्रण करतात व मूत्रपिंडांना इजा करतात. एन्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक वाढत्या सांध्यांच्या कूर्चेचा नाश करू शकते. ‘मागच्या वेळी घोडीला दिलेलं उरलंय’ या कारणाने ते शिंगराला देणे, म्हणजे एका पायाच्या जखमेसाठी चारही पाय पणाला लावणे होय.

हाडांचा प्रश्न सर्वांत उशिरा ध्यानात येतो. जखमी पाय उचलून धरणारे शिंगरू सारा भार दुसऱ्या पायावर टाकते. वाढीच्या वयात हा भार काही आठवडे राहिला, तर निरोगी पाय वाकडा होऊ लागतो आणि जखमी पायाच्या शिरा आखडतात. म्हणून दर आठवड्यास शिंगराला समोरून व मागून पाहावे, आणि जखमेइतकेच लक्ष न लागलेल्या पायाकडे द्यावे. उठू न शकणाऱ्या शिंगराला जाड गवताच्या अंथरुणावर ठेवून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी.

काही जखमा भरून येणाऱ्या नसतात. पाठीचा कणा मोडला असेल, आतडे फाटून पोटात घाण पसरली असेल, पायाचे मोठे हाड मांस फाडून बाहेर आले असेल, तर वैद्य दयामरणाचा सल्ला देतो. तो निर्णय लवकर घेणे हीदेखील शुश्रूषाच होय. तो लांबणीवर पडतो, त्यालाही पुष्कळदा शब्दच कारणीभूत असतात. ‘बघू, काय होतंय ते’ या वाक्याला कर्ता नाही; आणि कर्ता नसलेल्या वाक्यात जबाबदारीही कोणाची नसते.

७. व्रण आणि वण

जी शिंगरे पहिला आठवडा पार करतात, त्यांची पुढील काळजी दीर्घकाळ करावी लागते. माश्या जखमेच्या कडेला अंडी घालतात आणि दिवसभराच्या आतच अळ्या बाहेर पडतात. म्हणून जखम रोज उलगडून पाहावी. गुडघ्याखालच्या जखमांत मांसांकुर त्वचेच्या पातळीच्या वर वाढतात आणि त्यांवरून त्वचा सरकू शकत नाही. सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत खोल गेलेली जखम भरून आणण्याचा आणि असे उंचावलेले मांस खाली बसविण्याचा, असे दोन स्वतंत्र उपक्रम आहेत. आधुनिक वैद्य हे मांस कापून समतल करतो व पट्टी बांधतो. ते काम धन्याने दाहक औषधे लावून स्वतः करू नये. या संदर्भात नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेले संशोधन दख्खनच्या तट्टांच्या दृष्टीने आशादायक आहे. मोठ्या घोड्यांच्या मानाने तट्टांच्या जखमा लवकर आणि कमी उपद्रवाने भरून येतात, असे त्यात आढळून आले.

संस्कृत ‘व्रण’ म्हणजे जखम. याच शब्दापासून आलेल्या मराठी ‘वण’ शब्दाचा अर्थ मात्र जखम भरल्यानंतर मागे राहणारी खूण असा आहे. हा अर्थबदल आकस्मिक म्हणता येणार नाही. कारण जखम भरून आली तरी देह असेपर्यंत तिची खूण नाहीशी होत नाही, अशीच ‘व्रण’ शब्दाची उपपत्ती सुश्रुताने दिली आहे. वाचलेल्या शिंगराच्या पुठ्ठ्यावर पुढे केस न उगवलेली, किंवा पांढरे केस उगवलेली जागा राहते. ते मागून कोणी आले की दचकते, कुत्र्याच्या भुंकण्याने आईच्या कुशीत शिरते. या दुसऱ्या वणावर औषध नाही. रोज ठरलेल्या वेळी, त्याच माणसाने, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे, एवढाच त्यावर उपाय.

‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ, आणि सेवा हा त्यातून निघालेला. मुक्या जनावराच्या बाबतीत हा मूळ अर्थ पुन्हा प्रधान होतो. हिरडीचा रंग, भरलेली कास, तिसरी पापणी, न टेकलेला पाय हे त्याचे बोलणे होय. ते जो पाहतो आणि आपल्या बोलीतील नेमक्या क्रियापदात दुसऱ्याला सांगतो, तो वैद्य येण्यापूर्वीच उपचाराला आरंभ करतो. “मांडीला दोन भोकं पडल्यात, दात खोल रुतलेत, आत पोकळ लागतंय, हिरडी पांढरी हाय, आणि सकाळपासून दूध प्यायलं नाही.” या एका वाक्यात परका असा एकही शब्द नाही, आणि वैद्याने ताबडतोब निघावे यासाठी त्याहून अधिक काही सांगण्याचीही आवश्यकता नाही.